निवडणुकीचा जुना बिल्ला नेमका कोणत्या सालचा? हिंगोलीच्या उदाहरणावरून समजून घ्या

घरातल्या जुन्या डब्यात बैलजोडीचा बिल्ला सापडला, की तो लगेच ‘१९५२ च्या पहिल्या निवडणुकीतला’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. असेलही, पण नुसत्या बैलजोडीवरून ते ठरत नाही. काँग्रेसकडे हे चिन्ह १९६९ च्या फुटीपर्यंत होते. म्हणजे तोच बिल्ला १९५७, १९६२ किंवा १९६७ चाही असू शकतो.

बिल्ल्यावर साल छापलेले नसेल, तर चिन्ह, पक्ष आणि मतदारसंघ एकत्र ताडून पाहावे लागतात.

हिंगोली लोकसभा मतदारसंघ १९७७ मध्ये अस्तित्वात आला. त्यामुळे ‘हिंगोली लोकसभा’ असे छापलेला काँग्रेसचा बैलजोडीचा बिल्ला कोणी विकायला आणला, तर तो सरळ परत करावा. १९७७ ला काँग्रेसचे चिन्ह गाय-वासरू होते. जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील इथून निवडून आले, तेव्हा पक्ष भारतीय लोकदलाच्या चिन्हावर, म्हणजे चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढत होता. हाताचा पंजा त्यानंतरचा. ‘हिंगोली जिल्हा’ असा उल्लेख असेल, तर बिल्ला १ मे १९९९ च्या आधीचा नाही. तोवर हिंगोली परभणी जिल्ह्यात होते.

अलीकडचे बिल्लेही फसवतात. २०१९ मध्ये हेमंत पाटील धनुष्यबाणावर जिंकले. २०२४ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांत लढत झाली: बाबुराव कदम कोहळीकरांकडे धनुष्यबाण आणि विजयी झालेल्या नागेश पाटील आष्टीकरांकडे मशाल. त्यामुळे नाव नसलेला धनुष्यबाणाचा बिल्ला दोन्ही निवडणुकांचा असू शकतो.

अमेरिकेत हा छंद बराच मुरलेला आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात नाण्यासारखे धातूचे प्रचार-बिल्ले निघत. अनेकांना भोक असे, म्हणजे ते दोऱ्याने किंवा फितीने अंगावर लावता येत. १८४० च्या विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या बिल्ल्यांवर ओंडक्यांची झोपडी दिसते. अशा वस्तूंची डिविट यांची सूची १९५९ मध्ये आली आणि संग्राहक आजही तिचे क्रमांक सांगतात. नकलांचा त्रास तिथेही होताच. १९७३ च्या कायद्याने राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती बनवल्याचे साल टाकणे बंधनकारक झाले.

पत्र्याचा बिल्ला घासून चकचकीत करू नये, रंग जातो. तो कोरड्या जागी ठेवावा आणि सोबत चिठ्ठी ठेवावी: कोणाच्या घरातून, कोणत्या गावातून, कधी मिळाला.