घाटघरची वीज आणि 'ग्रस्त' हा प्रत्यय

दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त या शब्दांच्या पंगतीत मराठीने 'प्रकल्पग्रस्त'लाही बसवले आहे. निसर्गाच्या कोपाला लागणारा प्रत्यय माणसाने आखलेल्या कामाला लागतो, तेव्हा भाषेने आपला निवाडा दिलेलाच असतो. शहापूर-मुरबाडकडे स्वच्छ ऊर्जेच्या अंगाने पाहताना आम्हांला हा शब्द टाळता येत नाही.

त्याची पूर्वपीठिका मुळशीची. मुंबईला बिनधुराची वीज हवी होती आणि टाटांच्या धरणात मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला, १९२४ पर्यंत मोडला. (बापटांची 'सेनापती' ही पदवी तिथलीच, पदवी राहिली, गावे गेली.) राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासातून एक अवघड गोष्ट समोर येते. पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. त्यांना मोबदला चालणार होता, कसणाऱ्यांना नाही. 'गावाची संमती' म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

घाटघरचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. वरचा जलाशय अकोले तालुक्यात, खालचा शहापूर तालुक्यातील चोंढ्याला. क्षमता २५० मेगावॉट. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेहून जास्तच असते. तेव्हा हा प्रकल्प वीज वाढवत नाही, तिची वेळ बदलून देतो. ही वेळ कोणाच्या सोयीची? त्याच वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र भारनियमन सोसत होता आणि मुंबई त्यातून वगळलेली होती. तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७) यांचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात, हे तर सर्वांच्या परिचयाचे.

शहापूर तालुका पूर्णतः, मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा त्याहून पुढे जातो. तीन वर्षे ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर आहे, अशा भूमिहीनांनाही तो बाधित मानतो. कातकऱ्यांसाठी ही तरतूद मोलाची, कारण त्यांतल्या अनेकांच्या नावे सातबारा नाही. परंतु २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेत पॅनेलसाठी सरकारी जमीन, गायरानेसुद्धा, वापरता येतात. सरकारची जमीन सरकारला संपादावी लागत नाही. संपादन नाही, म्हणून सामाजिक परिणामांची तपासणीही नाही; आणि गायरानात शेळ्या चारणारा माणूस 'ग्रस्त'च्या यादीतसुद्धा येत नाही.