शरणपूरची आशा आणि राबाईचा विश्वास

शरणपूर रोड नाशिककरांच्या तोंडी रोज असतो. त्यामागचं गाव मात्र क्वचितच कुणाला आठवतं. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. अरबी समुद्रात इंग्रजांनी गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं पुढे इथे आली, शाळेत बसली, सुतारकी-लोहारकी शिकली, ख्रिस्ती झाली. यावरचा आक्षेप जुना आहे: अन्न आणि छप्पर मिळणार म्हणून पत्करलेला धर्म हा विश्वास कसा? आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. त्या मुलांपुढे दुसरी वाट नव्हती, आणि जगण्याची आशाच आधी आली. पण आशेने सुरू झालेला विश्वास आशेपुरताच राहतो, हे त्यातून सिद्ध होत नाही.

याला उत्तर म्हणून सहसा जेकब वेनराइटचा दाखला देतात. शरणपुरात शिकलेल्या या तरुणाने १८७३ साली आफ्रिकेत प्रवास करणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर प्रार्थना वाचली, आणि सोबत्यांनी मृतदेह महिनोन्‌महिने वाहून किनाऱ्यावर आणला. वाटेत कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने तिथेच दफन करा असं सुचवलं, तरी ते बधले नाहीत. प्रसंग थोर आहे. तरी तो ख्रिस्ती विश्वासाचा पुरावा म्हणून मला पुरेसा वाटत नाही. त्या तांड्याचा एक म्होरक्या सुसी तेव्हा ख्रिस्ती नव्हता. निष्ठा धर्म विचारत नाही.

खरा पुरावा मोंबासाजवळच्या राबाईत सापडतो. गुलामीतून सुटून शरणपुरात शिकलेले विल्यम जोन्स तिथे मिशनचं काम पाहत होते. मालकांकडून पळालेल्या गुलामांना त्यांनी आसरा दिला. किनाऱ्यावर गुलामी तेव्हा कायदेशीर होती, मालक चिडले होते, मिशनलाही हे नको होतं. १८८८ साली तिकडे गेलेले प्राइस पळून आलेल्यांची संख्या पाहून हादरले. मिशनने शिकवलं म्हणून जोन्स असे वागले, हे म्हणणं इथे टिकत नाही. स्वतःची सुटका झालेल्या माणसाला स्वतःसाठी आशा धरण्याचं कारण उरलेलं नव्हतं. जे अजून दिसत नाही त्याची वाट पाहणं म्हणजे आशा, हा बायबलमधल्या प्रेषित पौलाचा विचार. जोन्स ती वाट इतरांसाठी पाहत होते आणि त्यासाठी हाती असलेलं पणाला लावत होते. विश्वास आशेच्या पुढे जातो तो इथे. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझी या अधिकाऱ्याने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे कागद मिळाले. तडजोड पैशाने झाली हे खरं, पण त्याआधी ती माणसं राबाईत होती म्हणूनच ती करावी लागली.