पाहुण्यांची खोली (नागपूर)

बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी घरात राखलेली, बहुधा दहा बाय दहा फुटांची निजायची खोली. ती सजवायची म्हटले की आधी पलंग आणि पडदे डोळ्यांसमोर येतात. नागपुरात मात्र सुरुवात कूलरच्या खिडकीपासून करावी लागते आणि दुसरा विचार मोकळ्या फरशीचा करावा लागतो. शहराचे हवामान आणि शहरात येणारे पाहुणे, दोघांचीही तशी मागणी आहे. २३ मे २०१३ रोजी येथे पारा ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्यात शाळेच्या सुट्ट्या आणि लग्नसराई दोन्ही एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणजे घरात सर्वाधिक माणसे नेमकी सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत असतात.

नागपूरला येणारा पाहुणा केवळ लग्नाचा नसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ या जिल्ह्यांतील माणूस मोठ्या दुखण्यासाठी ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’ला येतो. पहिले म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. दुसऱ्याचे नाव इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, तरी लोकांच्या तोंडी अजून मेयोच आहे. रुग्ण वॉर्डात असतो आणि त्याच्यासोबतची माणसे आळीपाळीने नातेवाइकाकडे अंघोळीला, जेवायला आणि चार तास झोपायला येतात. कोणी उच्च न्यायालयाच्या खंडपीठातील तारखेसाठी येतो, कोणाची मुलगी परीक्षेला येते. भाद्रपदात महालक्ष्म्यांना विदर्भातल्या घरांत सगळे कुटुंब जमते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा शहरातील बौद्ध वस्त्यांमध्ये घरोघरी अंथरुणे पडतात. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. आमदारांसाठी आमदार निवास आणि मंत्र्यांसाठी रविभवन आहे, पण कामे घेऊन आलेल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांचा मुक्काम घरांतच पडतो. ही खोली एका जोडप्यासाठी म्हणून सजवली तर वर्षातले बरेच दिवस ती अपुरी पडते.

जुन्या नागपुरात अशी वेगळी खोली नव्हती. महाल, इतवारी भागांतील वाड्यांत पुरुष पाहुणे ओसरीवर किंवा माडीवर आणि बायका-मुले माजघरात निजत. सामानासाठी जाड भिंतीत कोनाडे आणि फडताळे असत, कपड्यांसाठी खुंट्या असत. जमिनीवर काहीच कायमचे नसे, म्हणून दिवसा तीच जागा बैठकीची होई. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाल्यावर सिव्हिल लाइन्समध्ये उंच छतांचे, खोल व्हरांड्यांचे बंगले उभे राहिले. तेथे उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारले जाई. आजचा कूलर हे याच युक्तीचे यंत्ररूप आहे. पुढे १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला, लेआऊट पडले, स्लॅबची घरे झाली आणि मागाहून फ्लॅट आले. तेव्हा कुठे ‘गेस्ट रूम’ ही स्वतंत्र खोली नकाशावर दिसू लागली. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरात एकाहून अधिक खोल्या असतील तर एक किमान ९.५ चौरस मीटर आणि दुसरी ७.५ चौरस मीटर असावी लागते. दुसरी म्हणजे सुमारे ८१ चौरस फूट, आणि पाहुण्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा तीच येते.

आता कूलर. कोरड्या हवेत पाणी वाफ होताना उष्णता शोषते, एवढेच त्याचे तत्त्व आहे. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या ताट्यांतून आलेली हवा २८-३० अंशांपर्यंत उतरते. मुंबईच्या दमट हवेत हे साधत नाही. विदर्भात साधते, आणि त्यासाठी लागणारी वीज एसीच्या मानाने फारच थोडी असते. मात्र आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. समोरची खिडकी किंवा दार चार-सहा इंच उघडे नसेल, तर अर्ध्या तासात खोली दमट होते, अंग चिकचिकते आणि पाहुणा सकाळी डोके धरून उठतो. म्हणून खोली निवडतानाच दोन भिंतींना उघडीप आहे का, हे पाहावे. दहा फूट उंचीच्या दहा बाय दहा खोलीचे घनफळ १,००० घनफूट होते आणि दर दोन मिनिटांनी सगळी हवा बदलायला मिनिटाला ५०० घनफूट हवा पुरते. बाजारातले मोठे कूलर याच्या कितीतरी पट हवा फेकतात. लहान खोलीत त्यांनी गारवा फारसा वाढत नाही, आवाज आणि ओल मात्र वाढते. मोठा कूलर लावून पाहुण्याची बडदास्त राखल्यासारखे वाटते खरे, पण झोप लहान कूलरलाच चांगली लागते.

मार्च उजाडला की कूलर सज्ज्यावरून किंवा गच्चीच्या जिन्याखालून खाली येतो. टाकीचा गंज खरवडून तिला रंग दिला जातो, मागच्या वर्षीचे क्षारांनी दगड झालेले गवत काढून फ्रेममध्ये नवे गवत किंवा खस भरतात, पंपाची जाळी साफ करतात. खिडकीबाहेर लोखंडी अँगलचे स्टँड कायमचे बसवलेले असते. ग्रिलचा तेवढा भाग निघणारा करून घेतला तर दरवर्षी लोहाराला बोलवावे लागत नाही. कूलर आणि चौकट यांच्यातल्या फटीत प्लायची पट्टी ठोकतात. पहिल्यांदा पाणी सोडले की नव्या गवताचा ओला वास खोलीभर पसरतो. नागपूरकराला उन्हाळा लागल्याची खूण यापेक्षा वेगळी लागत नाही.

पाहुण्यांच्या खोलीत एक काळजी कोणत्याही सजावटीआधी घ्यावी. कूलरचा करंट लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. घरच्यांना आपल्या कूलरची खोड माहीत असते, पाहुण्याला नसते. त्याची लहान मुले ओल्या हाताने पत्र्याला हात लावतात. तीन पिनचा प्लग, तपासलेले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे ईएलसीबी या तीन गोष्टी खोलीच्या खर्चात पहिल्या धराव्यात. टाकीत पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढायचा, हेही पाहुण्याला आल्या दिवशीच सांगावे. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी लागते, नाहीतर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

खोलीतले बाकीचे सामान कूलरच्या ओलीला टिकेल असे हवे. प्लायवुडच्या कडा फुगतात, लॅमिनेट सुटते, लोखंडी आलमारीला खालून गंज चढतो. सागवान टिकते, आणि सागवानाच्या बाबतीत हा प्रदेश श्रीमंत आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेले, अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले. नवे सागवान साध्या घराला परवडत नाही. पण जुने वाडे पडतात तेव्हा चौकटी आणि तुळया विकायला निघतात, आणि सुतार त्यांतून चांगला दिवाण काढून देतो. घरातला आजोबांचा नवारीचा पलंग माळ्यावर पडला असेल, तर नवी नवार भरून तोच खाली आणावा.

दिवाण की डबल बेड हा प्रश्न मोजून सोडवावा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच बाय सव्वासहाचा डबल बेड तीसएक चौरस फूट खातो. त्याच्या तिन्ही बाजूंना उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत ना कोणी निजू शकते, ना बॅग उघडता येते. तीन बाय सहाचा दिवाण भिंतीला लावला तर खोलीची सात फूट रुंदी एकसंध मोकळी राहते आणि आलमारीची व दाराची जागा सोडूनही दोन गाद्या खाली सहज पडतात. म्हणजे दोघांऐवजी तिघांची सोय होते, आणि गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना उंचावर निजता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते नागपूरच्या लहान खोलीत डबल बेड घेणे म्हणजे जागा वाया घालवणे होय. दिवाण पेटीचा असावा, पण कूलरच्या थेट झोताखाली ठेवू नये. रात्रभर अंगावर गार हवा आली की घसा धरतो.

गाद्या कापसाच्याच असाव्यात. एका माणसाच्या गादीला साधारण ८ ते १० किलो कापूस लागतो. काही वर्षांनी त्याच्या गाठी होतात. मग पिंजाऱ्याकडून तो पिंजून, खोळ बदलून गादी पुन्हा भरून घेतात. फोमच्या गादीला पाठीखालची उष्णता धरून ठेवण्याची सवय असते. मे महिन्यात पाहुणा तिच्यावरून उतरून फरशीवर चटई टाकतो. कापसाची गादी मात्र ओल धरते. म्हणून कूलर बंद झाल्यावर, मृगाच्या सरी येण्याआधी, सगळ्या गाद्या-उशांना गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दाखवून मगच त्या पेटीत भरायच्या. मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला तर डांबर गोळ्यांचा वास पाहुण्याच्या नाकात जात नाही. अभ्रे पांढरे किंवा फिक्या रंगाचे, साध्या सुती कापडाचे घ्यावेत. मळले की दिसतात आणि धुतले जातात. पांघरायला उन्हाळ्यात सोलापुरी चादर, थंडीत रजई किंवा घरच्या जुन्या लुगड्यांची गोधडी पुरते. शहरात सतरंजीपुरा नावाची वस्तीच आहे, तरी आज बहुतेक घरांत सतरंजी दुकानातली, यंत्रमागावरची असते. वरोऱ्याच्या आनंदवनातली किंवा वर्ध्याच्या मगन संग्रहालयातली हातमागाची वस्त्रे थोडी महाग पडतात, पण वर्षानुवर्षे धुऊनही टिकतात, आणि खोलीला रंग देण्याचे काम एकटी सतरंजी करू शकते.

सजावटीसाठी नागपूरकराने फार लांब जाऊ नये. ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तेथील गांधीजींची बापूकुटी मूळची त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली. माती, बांबू, लाकूड आणि कौले एवढेच तिचे साहित्य. भिंतींवर मीराबेन यांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा आहे. वस्तू ठेवायला लहान फळ्या आहेत, बसायला चटया आहेत. जागा लहान असूनही आत गर्दी वाटत नाही, कारण सजावट भिंतीतच मुरलेली आहे आणि जमीन मोकळी आहे. फ्लॅटच्या खोलीत मातीकाम जमणार नाही. पण एका भिंतीवर मोठी तसबीर किंवा बांबूची एकच चांगली वस्तू लावून बाकी भिंती कोऱ्या ठेवणे कोणालाही जमते. रंग पांढरा किंवा फिका, नीळ घातलेल्या चुन्यासारखा. पश्चिमेची भिंत आणि वरची गच्ची तापत असेल तर गच्चीवर पांढरा चुना मारावा आणि खिडकीबाहेर हिरवी जाळी बांधावी. आतल्या जाड पडद्याहून बाहेरची जाळी जास्त उपयोगी पडते, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही.

दाराशेजारी चार-पाच खुंट्या हव्यात. उन्हात बाहेर पडणारी माणसे तोंडाला दुपट्टा गुंडाळतात. आल्यावर घामेजलेला दुपट्टा, पिशवी आणि छत्री ठेवायला जागा नसली की ते दिवाणावर पडतात. कोपऱ्यात तिवईवर माठ किंवा सुरई, त्यात वाळ्याची जुडी आणि झाकणावर पेला. उशाजवळ औषधे, चष्मा आणि मोबाइल ठेवायला फूटभर रुंदीची फळी आणि तिच्याजवळच प्लगची जागा. दवाखान्यातून रात्री दोनला परतणाऱ्याला मोठा दिवा न लावता आत येता यावे म्हणून दाराजवळ झिरो बल्ब. आलमारीत एक कप्पा आणि चार हँगर कायम रिकामे ठेवावेत. महिनाभर राहणाऱ्या माणसाला बॅगेतून जगायला लावू नये.

पाहुणे नसतील तेव्हा ही खोली मुलांच्या अभ्यासाची, इस्त्रीच्या कपड्यांची, पापड-कुरडयांच्या डब्यांची होते. त्याला हरकत नाही. लहान घरात खोली रिकामी ठेवणे परवडत नाही. फक्त येथे येणारे सामान उचलण्याजोगे असावे. घडीचे टेबल, डबे, टोपल्या चालतात. बंद पडलेला टीव्ही आणि मोडकी सायकल एकदा आत आली की बाहेर जात नाही. पावसाळ्यात कूलर बंद असतो, पण त्याची खिडकी उघडता येत नाही आणि फटींतून पाणी झिरपते. जूनअखेर कूलर उतरवून ग्रिल पुन्हा बसवले तर श्रावणातली हवा आत येते आणि महालक्ष्म्यांपर्यंत भिंती कोरड्या होतात. डिसेंबरात तीच खिडकी घट्ट बंद होणारी लागते, म्हणून झडपांना रबराची पट्टी आधीच लावून घ्यावी.