विंचवाचा उतारा



परसात खुरपताना, सरपणाचा ढीग उपसताना, भाताचे भारे उचलताना हाताला काहीतरी झोंबतं आणि आपण हात झटकून विचारतो, "काय होतं गं?" कधी मुंगळा असतो, कधी गांधीलमाशी, कधी कोळी, तर कधी विंचू. कोळ्याला आपण फार घाबरतो. खरं तर आपल्याकडचे बहुतेक कोळी चावले तर लाली, खाज, थोडी सूज यापलीकडे काही होत नाही. पण त्याच कोळ्याचा एक आठ पायांचा भाऊबंद आहे, त्याने मात्र कोकणात कितीतरी घरं रडवली. तो म्हणजे लाल विंचू. आज त्याचा इतिहास सांगणार आहे. हा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही, आपल्या चुलीजवळचा आणि बांधावरचा आहे.

विंचू आपल्या बोलण्यात किती मुरलाय बघा. सतत फिरतीवर असणाऱ्याला आपण म्हणतो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ही म्हण ज्याने केली त्याने विंचवीण नीट पाहिली असणार, कारण ती अंडी घालत नाही. तिला पिल्लं होतात आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच राहतात. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडात विंचू आणला तो काम-क्रोधाचं रूप म्हणून. ऐकणाऱ्याला वेगळं समजवावं लागलं नाही, कारण विंचवाची कळ काय असते ते गावात प्रत्येकाला ठाऊक होतं.

आपल्याकडे ढोबळमानाने दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक मोठा, काळा, जाड आकड्यांचा. त्याला बऱ्याच ठिकाणी इंगळी म्हणतात. दिसायला भयंकर, पण त्याचं विष त्या मानाने सौम्य. दुसरा लहानसा, तांबूस, बारीक आकड्यांचा. खरा धोका या दुसऱ्याचा. कोकणातली जांभ्याची लाल माती त्याला मानवते. गडग्याच्या दगडांत, कौलांखाली, गोवऱ्यांच्या रचीत, भाताच्या उडवीत तो दिवसभर दडून राहतो आणि रात्री भक्ष्याच्या शोधात निघतो.

आता ही ठिकाणं पुन्हा एकदा मनात आणा. गोवऱ्या कोण काढतं? सरपण कोण आणतं? उन्हाळ्यात राब भाजायला पातेरा कोण गोळा करतं? दसरा-दिवाळीच्या सुमारास भात कापून भारे कोण बांधतं? विंचवाच्या घरात हात घालायची कामं बहुतेक आपल्याच वाट्याला आलेली आहेत. आणि आईच्या मागे मागे फिरणारं पोर अनवाणी तिथेच खेळत असतं. मोठ्या माणसाच्या आणि लहान मुलाच्या अंगात विष तेवढंच जातं, पण मुलाचं अंग लहान, म्हणून त्याच्यावर त्याचा घाला जास्त.

पूर्वी विंचू चावला की विंचू उतरवणाऱ्याकडे जायचं. कोणी मंत्र टाकी, कोणी आघाड्याची मुळी उगाळून लावी, कोणी चुना, कोणी तुरटी. आपल्या आज्या-पणज्यांना यावरून हसायचं कारण नाही. दवाखाना वीस मैलांवर, मध्ये नदी, गाडी नाही, मग दारात असलेल्या माणसाकडेच त्या जाणार. शिवाय तो उतारा पुष्कळदा लागू पडल्यासारखा दिसायचा. त्याचं कारण साधं आहे. विंचू चावलेल्या बऱ्याच जणांना नुसती कळ येते आणि ती काही तासांनी आपोआप ओसरते. मंत्र टाकला तरी ओसरते, नाही टाकला तरी ओसरते. श्रेय मात्र मांत्रिकाला मिळतं. ज्यांच्या अंगात विष भिनलं, ती माणसं रात्रीत गेली की घरचे म्हणत, वेळ आली होती.

विष भिनतं म्हणजे नेमकं काय होतं? आपण घाबरलो की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम सुटतो. शरीर त्या वेळी काही द्रव्यं रक्तात सोडतं, त्यांचा तो परिणाम. लाल विंचवाचं विष हीच द्रव्यं प्रचंड प्रमाणात सोडायला लावतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. मग फुप्फुसात पाणी साचतं, दम लागतो आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. हे सगळं काही तासांत घडतं.

सर्पदंशावर प्रतिविषाचं इंजेक्शन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलं. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष इजिप्तमध्ये चार्ल्स टॉड यांनी १९०९ च्या सुमारास तयार केलं. पण एका देशातल्या विंचवाचं प्रतिविष दुसऱ्या देशातल्या विंचवावर चालेलच असं नसतं. त्यामुळे कोकणातल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. दवाखान्यात पोचलेल्यालाही अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं असे उपाय मिळत. त्यांतला एकही त्या थकलेल्या हृदयाचं ओझं उतरवत नव्हता.

१९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. डॉक्टर होते हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब घरातले. नागपूरला शिकून ते इथे आले होते. त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसं येत आणि फुप्फुसात पाणी होऊन दगावत. पुस्तकात विंचवावर फार काही नव्हतं. मग त्यांनी स्वतःच नोंदी ठेवायला सुरुवात केली. रुग्णाच्या खाटेशी बसून किती वाजता उलटी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी कशी चालली, हे सगळं लिहून ठेवलं.

त्या नोंदींतून एक गोष्ट पुढे आली. फुप्फुसात पाणी साचण्याआधी शरीर सूचना देतं. उलट्या, अंग भिजेल इतका घाम, तोंडाला सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय. मुलगा असेल तर त्याच्या लिंगाला ताठरपणा येतो. या सूचना वेळेत ओळखल्या तर पुढचं संकट ओळखता येतं. हे निरीक्षण १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं.

दुखणं ओळखता आलं, पण औषध हवं होतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयाचं ओझं उतरेल, हा विचार. सुरुवातीला सोडियम नायट्रोप्रुसाइड नावाचं औषध सलाइनमधून देऊन पाहिलं. गुण आला, पण ते थेंब मोजून द्यावं लागतं, क्षणाक्षणाला रक्तदाब पाहावा लागतो. खेड्यातल्या दवाखान्यात ते कसं जमणार? मग लक्ष गेलं प्राझोसिन या गोळीकडे. रक्तदाबासाठी ही गोळी आधीपासून बाजारात होतीच. तोंडाने देता येते, स्वस्त आहे, आणि विष ज्या मार्गाने रक्तवाहिन्या आवळतं, नेमका तोच मार्ग ती अडवते. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या उपचाराची माहिती आली, तिच्यावर दोन नावं होती, हिंमतराव बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. गोष्ट सांगताना हे दुसरं नाव गळून जातं, म्हणून मुद्दाम सांगते. महाडच्या दवाखान्यातलं काम दोघांचं आहे.

याने काय झालं? बावस्करांच्या नोंदींनुसार, पूर्वी विष हृदयापर्यंत पोचलेल्या शंभर रुग्णांपैकी जवळजवळ तीस दगावत. प्राझोसिन सुरू झाल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. खेड्यातल्या दवाखान्यात सापडलेला हा उपाय पुढे इतर देशांतल्या डॉक्टरांनीही वापरला.

पुढे हाफकिनमध्ये आपल्याच लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार झालं. हाफकिन संस्थेची सुरुवात १८९९ मध्ये मुंबईत प्लेगच्या प्रयोगशाळेपासून झाली होती. नुसती गोळी द्यावी की गोळीबरोबर प्रतिविषही द्यावं, हे तपासायला महाडला ७० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ती छापली गेली. दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले, तर नुसत्या गोळीवरच्या रुग्णांना सरासरी १७.७ तास लागले. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

मैत्रिणींनो, औषध सापडलं, तरी ते आणि चावलेलं माणूस यांच्यामध्ये अजून अंतर आहे. ते अंतर मैलांत असतं तसंच घरातही असतं. बाईला विंचू चावला तर आधी स्वयंपाक उरकू, मग बघू, असं म्हणणारी पहिली व्यक्ती बहुतेक वेळा ती स्वतःच असते. गाडीचे पैसे दुसऱ्याच्या खिशात असतात. रात्री कोणाला उठवायचं, हा संकोच असतो. आणि जवळ विंचू उतरवणारा असला की दोन तास तिथेच जातात. नेमके तेच दोन तास महत्त्वाचे असतात.

म्हणून काही गोष्टी घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवायच्या. विंचू चावला की घड्याळ बघा आणि वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. जागा साबण-पाण्याने धुवा. हात सुजण्याआधी बांगड्या, अंगठी काढा. कळ कमी व्हायला थंड पाण्याची पट्टी ठेवा. कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, दारू पाजू नका. चावलेल्याला चालत नेऊ नका, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. कळ किती आहे यावर धोका ठरवू नका. उलटी, घाम, लाळ, गार हातपाय यांतलं काही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाटच बघू नका, सरळ दवाखाना गाठा. मुलाच्या लिंगाला ताठरपणा आला असेल तर लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावरून त्यांना निदान होतं. प्राझोसिन घरी ठेवून आपल्या मनाने द्यायची गोळी नाही. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवं ठेवून, लक्ष ठेवून ती देतात.

कोळी चावला तरी पहिली पायरी हीच, धुणं आणि थंड पट्टी. घाम, पोटात पेटके, दम लागणं असं काही झालं किंवा जखम काळी पडू लागली तर डॉक्टरांकडे जा.

आणि चावूच नये म्हणून? गोवऱ्या, सरपण घराच्या भिंतीला लावून रचू नका. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. चपला झटकून घाला, अंथरूण झटकून टाका, रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. भारा उचलताना हाताला जाड फडकं गुंडाळा.

शेवटची एक विनंती. पुढच्या महिन्यात बचत गटाची बैठक होईल, तेव्हा दोघी-तिघींनी मिळून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, विंचवावरची प्राझोसिनची गोळी आहे का, प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का. उत्तर आशाताईंना सांगा, गटाच्या वहीत लिहून ठेवा. बिरवाडीच्या दवाखान्यात एका डॉक्टरने वेळ आणि लक्षणं वहीत टिपली, तिथून हा उतारा सापडला. तो आपल्या वाडीपर्यंत पोचला आहे की नाही, याची नोंद आपल्या वहीत असायला हवी.