नाग टिब्ब्यावरून न दिसणारं शिखर

पंतवाडी हे नाव ऐकून कोणालाही ते रत्नागिरीकडचं एखादं गाव वाटेल. ते आहे उत्तराखंडात, टिहरी जिल्ह्यातल्या जौनपूर भागात, मसुरीच्या डोंगररांगेमागे. तिथून नाग टिब्ब्याची वाट सुरू होते. शिखराची उंची ३,०२२ मीटर, म्हणजे हिमालयाच्या हिशेबात टेकडीच. 'टिब्बा' या शब्दाचा अर्थही तोच. पहाटे निघालं तर हिवाळ्यातही उजेड असेपर्यंत चढून उतरता येतं, असं मला सांगितलं होतं. मकरसंक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. सॅकमध्ये आईने पाठवलेल्या तिळाच्या वड्या होत्या.

मी गिर्यारोहक नाही, अनुवादक आहे. भारतातल्या भूमापनाच्या इतिहासावरचा इंग्रजी मजकूर त्या वर्षी मी मराठीत आणत होते आणि एका अगदी साध्या वाक्यापाशी अडकले होते. मी लिहिलं होतं : 'थिओडोलाइट शिखरावर नेण्यात आला.' संपादकांना त्यात काही खटकलं नाही. मलाही पहिल्या दोन वाचनांत खटकलं नव्हतं.

तो थिओडोलाइट होता अर्धा टन वजनाचा. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली, तेव्हापासून हे पितळी धूड टेकड्यांवर, किल्ल्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवलं जात होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. लॅम्बटनने ते स्वतः खपून दुरुस्त केलं. पुढे उत्तरेकडे सरकता सरकता २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. माझं आजोळ वर्ध्याचं. लहानपणी हिंगणघाटला कितीदा गेले असेन, पण भारताचं मोजमाप सुरू करणारा माणूस तिथे पुरला आहे, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं.

आमची वाट बांज आणि बुरांशच्या जंगलातून चढत होती. बुरांशला फुलं यायला अजून अवकाश होता. पानांवर बर्फ साचून फांद्या वाकल्या होत्या. माझ्याबरोबर गावातला एक तरुण वाटाड्या होता. मी त्याला 'भाई' म्हणत होते, तो मला 'दीदी'. पहिले दोन तास बर्फ घोट्यापर्यंत होता. पुढे उत्तर उतारावर गुडघ्यापर्यंत रुतायला लागलं. तो पुढे होऊन बुटाच्या टाचेने पायऱ्या करत होता आणि मी त्या पायऱ्यांत पाय ठेवत होते. तिसऱ्या तासाला त्याने काही न बोलता माझी सॅक घेतली आणि स्वतःच्या सॅकवर बांधली. मी नको म्हटलं. पण ते पुरेशा जोराने म्हटलं नाही, हे मला तेव्हाच समजत होतं.

लॅम्बटननंतर काम आलं जॉर्ज एव्हरेस्टकडे. मसुरीजवळ हाथीपांवला त्याचं घर अजून आहे. १८३२ पासून निवृत्तीपर्यंत त्याचा मुक्काम तिथे होता. त्याने १८३१ मध्ये हिंदू कॉलेजात शिकलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलाला गणनिक म्हणून नोकरीवर घेतलं. त्याचं नाव राधानाथ शिकदर. डेहराडूनमध्ये राधानाथ गणित करत होता, पण त्याची एक गोष्ट गणिताच्या बाहेरची आहे.

१८४३ च्या मे महिन्यात डेहराडूनचा दंडाधिकारी व्हॅन्सिटार्ट याचं सामान वाहायला सर्वेक्षण खात्याच्या मजुरांना जबरदस्तीने लावलं गेलं. मजुरी नाही. राधानाथने ते सामान अडवून ठेवलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि दोनशे रुपये दंड झाला, राधानाथला. कलकत्त्याच्या 'बेंगॉल स्पेक्टेटर'ने ही हकिकत छापली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. ज्यांच्या पाठीवर ते ओझं होतं, त्यांची नावं पोचली नाहीत.

हे मी चालता चालता भाईला सांगितलं. तो जराही चकित झाला नाही. "बेगार," एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आमच्याकडे राजाचा अंमल होता, इंग्रजाचा नव्हता. पण दादाजी सांगायचे, दरबारचा माणूस आला की घरागणिक एक पाठ जायची." पाठ म्हणजे माणूस. मी शब्द मनात टिपून ठेवला.

कुमाऊंमध्ये ही बेगार मोडली तो दिवसही संक्रांतीचा. १४ जानेवारी १९२१ ला बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या साथीदारांच्या पुढाकाराने गावोगावच्या प्रधानांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयूत बुडवल्या. या वह्यांत माणसांची नावं होती. नोंद पुसली जाणं हे इतिहासाच्या अभ्यासकाला वाईट वाटतं. त्या दिवशी ती पुसली जाणं हीच सुटका होती. या दोन गोष्टींची सांगड मला आजही नीट घालता येत नाही.

अकराच्या सुमारास नागदेवतेचं छोटं देऊळ आलं, अर्धंअधिक बर्फात. तिथून माथा तासाभरावर. वारा वाढला होता, बोटं दुखायची थांबली होती आणि ते लक्षण चांगलं नाही, असं भाईने सांगितलं. त्याने मला हात काखेत धरून उभं राहायला लावलं, झिणझिण्या येईपर्यंत हलू दिलं नाही.

माथ्यावर रंगीत फडकी बांधलेली होती. उत्तरेला बंदरपूंछ, काळानाग, स्वर्गारोहिणी, उजवीकडे गंगोत्री आणि केदारकडची शिखरं. दक्षिणेला मसुरीची धार. भाई एकेका शिखराकडे हात करून नाव सांगत होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "एवरेस्ट इथून दिसत नाही. सगळे विचारतात."

ज्याने त्याची उंची काढली, त्याने ते शिखर पाहिल्याचीही नोंद नाही. नेपाळने सर्वेक्षकांना आत येऊ दिलं नाही, म्हणून १८४७ पासून बिहार-बंगालच्या मैदानातून, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून, हवा स्वच्छ असेल तेव्हा कोन मोजले गेले. मोजणारे हिवतापाने आजारी पडत. बर्फावरून निघालेला किरण थंड, विरळ हवेतून उष्ण, दाट हवेत येताना वाकतो आणि शिखर आहे त्यापेक्षा वर दिसतं. कुठल्या वेळी किती वाकतो, हे ठरवल्याशिवाय आकडा निघत नाही. ही किचकट गणितं कलकत्त्याच्या कचेरीत राधानाथच्या हाताखाली झाली. १८५२ मध्ये 'शिखर क्रमांक १५' सर्वांत उंच असल्याचं त्याने दाखवून दिलं, असं मानलं जातं. १८५६ मध्ये अँड्र्यू वॉने उंची जाहीर केली : २९,००२ फूट. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने उपग्रहांच्या मदतीने काढलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. फरक साधारण नऊ मीटरांचा.

वॉने शिखराला आपल्या आधीच्या साहेबाचं नाव सुचवलं. त्याला हरकत घेतली खुद्द जॉर्ज एव्हरेस्टने. स्थानिक नावं टिकवावीत, अशी त्याची स्वतःची रीत होती. आणि आपलं नाव हिंदीत लिहिता येणार नाही, इथल्या माणसांना उच्चारता येणार नाही, असं त्याने १८५७ मध्ये लंडनला रॉयल जिओग्राफिकल सोसायटीपुढे सांगितलं. १८६५ मध्ये सोसायटीने तेच नाव कायम केलं. तिबेटी लोक त्या डोंगराला चोमोलुंग्मा म्हणत होते. युरोपात अठराव्या शतकात छापलेल्या नकाशावरही ते नाव होतं.

भाई 'एवरेस्ट' म्हणतो, मी 'एव्हरेस्ट' लिहिते. मराठीने 'व्ह' हे जोडाक्षर इंग्रजी नावांसाठी राबवून घेतलं, त्यामुळे लिहिता येणार नाही हे म्हणणं निदान आमच्यापुरतं खोटं ठरलं. पण तो माणूस स्वतःचं आडनाव 'ईव्हरेस्ट' असं उच्चारत असे. म्हणजे त्याचं एका अर्थी बरोबरच होतं. आज सगळं जग त्या शिखराला चुकीच्या उच्चाराच्या नावाने ओळखतं, आणि इंग्लंडही त्याला अपवाद नाही.

राधानाथने १८५४ मध्ये प्यारीचाँद मित्रांबरोबर 'मासिक पत्रिका' काढली. साध्या बंगालीत, बायकांना वाचता यावं म्हणून. १८५१ च्या सर्वेक्षणविषयक अधिकृत पुस्तिकेच्या प्रस्तावनेत त्याच्या कामाचा उल्लेख होता. १८७० मध्ये तो गेला. १८७५ च्या आवृत्तीत तो उल्लेख राहिला नाही.

आम्ही तिळाच्या वड्या खाल्ल्या. "आमच्याकडे संक्रांतीला खिचडी," भाई म्हणाला. फोटो काढताना त्याने मला फडक्यांपाशी उभं केलं आणि माझी सॅक माझ्या पाठीवर दिली, फोटोपुरती. फोटो झाल्यावर परत घेतली. घरी पाठवलेल्या त्या फोटोत मी एकटीच आहे, ओझ्यासकट.

उतरताना त्या वाक्याचा उलगडा झाला. मराठीच्या जुन्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं, तरी कर्ता तृतीयेत का होईना, हजर असतो : माणसांनी यंत्र नेलं. 'नेण्यात आलं' ही सरकारी सूचनांची भाषा आहे. तिथे कर्त्याची जागाच काढून टाकलेली असते. मी ती मूळ मजकुराशी इमान म्हणून वापरत होते. मूळ मजकुरात माणसं नाहीत, मग मी कुठून आणू? त्यांची नावं, गाव, संख्या मी घालू शकत नाही, तो खोटेपणा होईल. पण अर्धा टन पितळ आपोआप वर जात नाही, हे सांगायला नोंदवहीची गरज नाही.

दिल्लीला परतल्यावर मी वाक्य बदललं : 'माणसांनी थिओडोलाइट शिखरावर नेला.' संपादकांनी समासात विचारलं, 'माणसांनी' हा शब्द मुळात आहे का? मी लिहिलं, नाही. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग त्यांनी प्रश्नावर काट मारली आणि शब्द तसाच राहू दिला.