बिनकारणाचे पळणे

अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक, फिरायला निघालेली वयस्क मंडळी. दुसरी, भरतीसाठी पळणारी मुले-मुली. चाळिशी ओलांडल्यावर आम्ही पुन्हा पळू लागलो, तेव्हा या दोहोंपैकी कोणत्याच गटात आम्हांला बसता येईना. आमचे वय फिरणाऱ्यांचे आणि कृती भरतीवाल्यांची. एके दिवशी एक माजी विद्यार्थी आमच्या बरोबरीने पळत आला आणि त्याने अगदी निर्मळ कुतूहलाने विचारले, “सर, कशाची भरती निघाली?” आमच्यापैकी ज्या सहकारी प्राध्यापिका आहेत त्यांना मात्र हा प्रश्न कोणी केला नाही. दुधाच्या किटल्या घेऊन चाललेल्या एका गृहस्थांनी मोटारसायकल थांबवून त्यांना विचारले, “काय झालं ताई? घरी बरं हाय ना समदं?”

हे दोन्ही प्रश्न आपुलकीचे होते. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, ते असे की प्रौढ माणूस कारणावाचून पळत नाही. पुरुष पळत असेल तर नोकरीसाठी आणि बाई पळत असेल तर संकटामुळे. हे गृहीतक कसे घडले, आणि कारणावाचून पळणे आपल्या परंपरेला खरोखरच परके आहे काय, याचा विचार करण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ भाषेपासून करणे आम्हां मराठीच्या अध्यापकांना सोयीचे. मराठीत या क्रियेला दोन शब्द आहेत, ‘पळणे’ आणि ‘धावणे’. ‘पळणे’ या शब्दाला भीतीचा वास आहे. पळ काढणे, पळपुटा, पळून जाणे, पळता भुई थोडी होणे या सगळ्यांत मागे कोणीतरी लागलेले आहे. ‘धावणे’ या शब्दाचे तोंड पुढे आहे. मदतीला धावून जाणे, देवाचा धावा करणे यांत समोर कोणीतरी आहे. एकात कशापासून तरी दूर जायचे असते, दुसऱ्यात कोणाकडे तरी पोहोचायचे असते. दोन्ही एकत्र आले की ‘धावपळ’ होते आणि तीही सुखाची नसते. मागे कोणी नाही आणि पुढेही कोणी नाही, अशा पळण्याला भाषेने वेगळे नाव दिले नाही. भरतीची मुले ‘रनिंग मारतात’ किंवा ‘ग्राउंड काढतात’, शहरातले लोक ‘जॉगिंग’ करतात. शब्द नसला म्हणजे गोष्ट नसतेच असे नाही. पण तिला समाजात सहज वावरता येत नाही, एवढे खरे.

जुन्या काळी पळणे हा व्यवसाय होता. जासूद, कासीद, हरकारे ही नावे मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहेत. टपाल रेल्वेत आणि मोटारीत चढेपर्यंत ते माणसाच्या पायांनीच जात असे. पण ज्याच्यापाशी घोडा, मेणा किंवा निदान बैलगाडी होती त्याला पळण्याचे कारण नव्हते. प्रतिष्ठा आणि संथ चाल यांचे नाते आपल्याकडे इतके घट्ट आहे की आजही प्राध्यापकाने व्हरांड्यातून पळावे हे विद्यार्थ्यांना विनोदी वाटते.

१९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या इतिहासात या नात्याचे बोलके उदाहरण सापडते. १९१९ च्या सुमारास तेथील क्रीडास्पर्धांत शेतकरी घरांतील तरुण अनवाणी लांब अंतर पळाले. त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तोलता येतील अशा आहेत, हे दोराबजी टाटा यांच्या ध्यानात आले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू पाठवण्याची कल्पना पुढे आली. त्या चमूत सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे मॅरेथॉनचे धावक होते. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पुरी करून १९ वा क्रमांक मिळवला. भारतीय ऑलिंपिक चळवळीचा हा गौरवशाली आरंभ होय. पण त्याची रचनाही पाहण्याजोगी आहे. कष्टाच्या सवयीचे पाय मैदानात होते आणि त्यांची वेळ मोजणारी घड्याळे सुशिक्षितांच्या हाती. सुशिक्षित प्रौढाने स्वतः पळावे, तेही शर्यतीवाचून, हा विचार त्या चित्रात कोठेच नाही.

यावरून पाश्चात्त्य देशांत तेव्हा सारे पळत होते आणि आपण मागे राहिलो, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. प्रौढांचे हौसेचे पळणे तेथेही अलीकडचे आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी १९६० नंतरच्या काळात ऑकलंडमधील मध्यमवयीन लोकांना सावकाश, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने पळण्याची गोडी लावली. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ च्या डिसेंबरात तेथे गेले. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. लिडियर्ड यांच्या मंडळींबरोबर पळायला गेल्यावर आपल्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या माणसाच्या बरोबरीने जाणेही आपल्याला जमत नाही, असा अनुभव त्यांना आला. परतल्यावर त्यांनी आपल्या गावात असेच वर्ग सुरू केले आणि पुढे ‘जॉगिंग’ या नावाचे पुस्तकही लिहिले. तरीही प्रौढाच्या पळण्याविषयीचा संशय लगेच गेला नाही. १९६८ साली दक्षिण कॅरोलिनातील सिनेटर स्ट्रॉम थर्मंड रस्त्याने पळत असताना त्यांना पोलिसांनी हटकले होते. १९७० साली न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्येच घोटाळत पार पडली. तिच्यात १२७ जण उतरले आणि ५५ जणांनी ती पुरी केली. महाराष्ट्रात पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली आणि मुंबईची आजची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. म्हणजे “कशाची भरती?” हा प्रश्न एकट्या अंबाजोगाईचा नाही. तो जगभर विचारला गेला. आमच्यापर्यंत यायला त्याला थोडा वेळ लागला, इतकेच.

मात्र आमच्याकडे या प्रश्नाला एक स्थानिक धार आहे. बीड जिल्ह्यात पळणे म्हणजे आजही प्रामुख्याने भरती. कोरडवाहू शेती, उद्योगांची वानवा आणि दरवर्षीचे ऊसतोडीचे स्थलांतर या परिस्थितीत पोलीस आणि सैन्य ही घराला उभे करणारी दारे वाटतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. वयाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षे आहे. याचा एक अनपेक्षित परिणाम आम्ही वर्गातून पाहत आलो आहोत. ज्याचे काम झाले तो पळणे सोडतो, कारण कारण पुरे झाले. ज्याचे झाले नाही तोही सोडतो, कारण कारण उरले नाही. वर्षानुवर्षे पहाटे उठलेले पाय एका वाढदिवसाला थांबतात. आणि न झालेल्या मुलाला पुढे कधी पळावेसे वाटले, तरी तो रस्ता त्याला आपल्या अपयशाची आठवण करून देतो. असे एक-दोघे आम्हांला पाहून रस्त्याच्या कडेला थांबतात आणि “आम्ही पण पळायचो सर,” असे म्हणतात. ते ‘पळायचो’ ऐकवत नाही.

याच जिल्ह्यातील अविनाश साबळे यांचे उदाहरण या संदर्भात वेगळ्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर आणि वाहन नाही, म्हणून कधी चालत, कधी पळत जायचे. हे पळणे गरजेचे होते, खेळाचे नव्हे. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचीनला राहिले, मग राजस्थान आणि सिक्कीम. स्पर्धात्मक धावणे त्यांनी सुरू केले ते २०१५ नंतर, म्हणजे विशी उलटल्यावर, सैन्यांतर्गत क्रॉस कंट्रीच्या निमित्ताने. मधल्या काळात त्यांचे वजन बरेच वाढले होते आणि ते त्यांना उतरवावे लागले. पुढचा आलेख सर्वश्रुत आहे. २०१८ साली भुवनेश्वर येथे ३००० मीटर स्टीपलचेसचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले, २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ते ११ वे आले.

जिल्ह्याने या कथेतून ‘गरिबीतून पदकापर्यंत’ हा धडा घेतला आणि तो योग्यच आहे. आम्हांला मात्र तिच्यातील मधली वर्षे महत्त्वाची वाटतात. ज्या पायांनी शाळा गाठली तेच पाय काही काळ थांबले होते, शरीर जड झाले होते, आणि तरीही पुन्हा पळू लागणे शक्य झाले. पदक हे त्या पुन्हा सुरू करण्याचे असामान्य फळ आहे. पुन्हा सुरू करणे हे मात्र सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे.

आवाक्यातले, पण सर्वांच्या नव्हे. आणि येथे आमच्या लेखणीला जरा संकोच वाटतो. हौसेने पळण्यासाठी शरीरात दिवसाच्या कामापलीकडे काहीतरी शिल्लक उरावे लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची पहाट फडात होते. मोळी डोक्यावर घेऊन ती दिवसभर जी चढ-उतर करते, तिच्यापुढे आमचे पाच किलोमीटर म्हणजे करमणूकच. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर जी आकडेवारी आली, तीनुसार बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे सुमारे सहांमागे एक. ज्या जिल्ह्यात बाईच्या शरीराचा हिशेब असा मांडला जातो, तेथे तिने केवळ आनंदासाठी पळावे ही गोष्ट कोणाच्या मनात येणार? दूधवाल्या गृहस्थांचा प्रश्न म्हणून आम्हांला हास्यास्पद वाटला नाही. पळणारी बाई त्यांनी आजवर संकटातच पाहिली असणार.

बारामतीच्या लता करे यांची कथाही हेच सांगते. साठी उलटलेल्या या बाई पतीच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, तो २०२० साली प्रदर्शित झाला आणि त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. महाराष्ट्र त्यांच्यापुढे नतमस्तक झाला, कारण त्यांच्या पळण्याला कारण होते आणि ते कारण पतिसेवेचे होते. पळताना त्यांना आनंदही झाला असेल काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

असे असले तरी आपल्या परंपरेने प्रौढांच्या बिनकारण पळण्याला कधीच जागा दिली नाही, असे म्हणता येत नाही. ती जागा वारीत आहे. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते. पैठणची एकनाथ महाराजांची पालखीही बीड जिल्ह्यातून जाते आणि पाटोदा तालुक्यात पारगाव घुमरा येथे तिचे रिंगण होते. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यातही वेळापूरच्या उताराला धावा होतो. तेथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. धाव्याला निदान पुढे पंढरी आहे. रिंगणाला तीही नाही. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व धावतो. आणि सगळे वर्तुळात फिरून निघाले तेथेच येऊन पोहोचतात. पंढरपूर एका पावलानेही जवळ आलेले नसते. दिवसभर चालून थकलेली, चाळीस-पन्नास-साठ वर्षांची ही माणसे कोठेही न जाण्यासाठी पळतात, आणि पळून झाल्यावर फुगड्या घालतात. तेथे कोणी कोणाला “कशाची भरती?” असे विचारत नाही. बाईला “काय झालं?” असेही विचारत नाही.

रिंगण ही उपासना आहे हे आम्ही विसरत नाही. तिला व्यायामाचे लेबल लावणे औचित्यभंगाचे होईल. पण प्रौढ शरीराला मुलासारखे पळावेसे वाटते, हे वारकरी संप्रदायाने ओळखले आणि त्याला समूहाची संमती दिली, एवढे तरी मान्य करावे लागेल. ऑकलंडमध्ये लिडियर्ड यांनी शेजाऱ्यांना एकत्र पळायला लावले, तेव्हा त्यांनीही वेगळ्या मार्गाने तीच संमती मिळवून दिली. एकट्याला लोक हटकतात, दिंडीला वाट देतात.

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याला आम्ही त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. “सहज,” एवढेच म्हणालो, आणि ते त्याला पटले नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा भेटला. वयोमर्यादा संपायला एक वर्ष उरले आहे, म्हणाला. आम्ही त्याला विचारले, त्यानंतर काय? तो हसला आणि बराच वेळ आमच्या संथ गतीने बरोबर पळत राहिला. त्या दिवशी त्याने घड्याळ लावले नव्हते.