सातव्या महिन्याचा प्रवास

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा महाराष्ट्रातील संकेत इतका सर्वमान्य आहे की, त्याच्या पोटी एक प्रवास आहे, आणि तोही शरीर अवघडलेले असताना करावयाचा प्रवास आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नऊ-दहा वर्षांची मुलगी लग्न होऊन ज्या घरी आली, जेथे तिने चार-पाच वर्षे पाणी भरले, दळणकांडण केले आणि देवापुढे दिवा लावला, तेच घर तिच्या पहिल्या प्रसूतीच्या वेळी मात्र परके मानले जाई. सासूच्या देखत पहिलटकरीण मोकळेपणी कण्हणारसुद्धा नाही, हे सासूला पक्के ठाऊक असे. कारण तीही एके काळी अशीच कोणाची तरी सून होती. परमुलखात राहून पहिल्या बाळंतपणाची तयारी कशी करावी, हा प्रश्न आज न्यू जर्सीतील किंवा लंडनमधील मुलीला पडतो. पण त्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने आरंभ विमानतळापासून करून चालणार नाही, सासर-माहेरातल्या अंतरापासूनच तो केला पाहिजे. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात हा इतिहास निरनिराळ्या अंगांनी दिसतो.

तयारीचे शास्त्र आपल्याकडे नव्हते असे मुळीच नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध असावे असे सांगितले आहे: त्याची भूमी हाडे, खडे, खापऱ्या यांपासून मुक्त असावी, द्वार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे, आत तूप, तेल, मध, सैंधव, सुंठ, पिंपळी, वावडिंग यांचा संग्रह असावा, आणि गर्भिणीच्या भोवती, स्वतः अनेकदा प्रसूत झालेल्या, जिव्हाळ्याच्या, प्रसंगावधानी व क्लेश सोसणाऱ्या स्त्रिया असाव्यात. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, असेही ग्रंथकार सांगतात. आणि आपल्या आज्या संहितेचे नावही न ऐकता ‘आठव्यात पोरीला हलवू नये’ म्हणत आल्या आहेत. म्हणूनच बाप किंवा भाऊ न्यावयास येई तो पाचव्यात अथवा सातव्यात. गर्भार बाईने नदी-खाडी ओलांडू नये असाही एक दंडक होता; परंतु ज्या जिल्ह्यात उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी दोन गावांमध्ये हटकून आडवी येते, तेथे तो पाळला जाण्यापेक्षा ओटीतला नारळ पाण्यात सोडून मोडला जाणेच अधिक स्वाभाविक होते.

येथे एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. संहितेतील स्वच्छ, कोरडे आणि खास बांधलेले सूतिकागार आमच्या माजघरापर्यंत आले नाही. आले ते वावडिंग, सुंठ आणि धुरी. विटाळाच्या कल्पनेने बाळंतिणीला मिळे ती बहुधा घरातील सर्वांत अंधारी खोली, टाकाऊ बाज आणि जुनेर. नाळ कापावयास हाताला येईल ते हत्यार चाले. जन्मानंतरच्या पहिल्या आठवडाभरात कितीतरी अर्भके धनुर्वाताने दगावत, आणि पाचवीच्या व सहाव्या रात्री सटवाईच्या नावाने जागरण करण्याचा परिपाठही नेमक्या त्याच दिवसांतला असावा, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. ज्या रात्रींचे भय अनुभवाने शिकवले, त्याच रात्री देवीच्या नावे राखल्या गेल्या.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली, आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ लोहमार्गाने जिंकला. रेल्वेच्या इतिहासात या गोष्टी कापूस, टपाल आणि पलटणी यांच्या संदर्भात नोंदल्या जातात. माहेरपणाच्या संदर्भात त्या कोणी नोंदल्याचे माझ्या वाचनात नाही. परंतु पुण्याची मुलगी कल्याणास दिलेली असली, तर तिला सातव्या महिन्यात डोलीने घाट चढवून नेण्याऐवजी डब्यात बसवून नेता येऊ लागले, हा पालट काही लहान नव्हता. याच लोहमार्गाने ठाणे शहराचे दोन भाग केले. पश्चिमेस जुनी पेठ, कचेऱ्या आणि तलाव राहिले; पूर्वेस कोपरी हे गाव, त्याच्याही पलीकडे मीठबंदर, मिठागरे आणि खाडी. या कोपरीकडे पुढे परत यावयाचे आहे.

बाळंतपण आणि परदेश हे दोन शब्द एका आयुष्यात प्रथम एकत्र आणले ते कल्याणच्या एका मुलीने. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना जोशी नवव्या वर्षी टपालखात्यातील नोकर, विधुर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे असलेले गोपाळराव जोशी यांना देण्यात आली व आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. गोपाळरावांच्या बदल्या, त्यांचा शिकवण्याचा हट्ट आणि त्या हट्टापायी तिला सोसावा लागलेला मार हे सारे चरित्रकारांनी लिहिलेच आहे. माझे लक्ष जाते ते त्या दहा दिवसांकडे. अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या, दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना, दृष्टीस पडला, आणि त्यातून पुढचे सर्व घडले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत, आपण परदेशी का जातो हे तिने सांगितले: हिंदू स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी आहे आणि ती होण्यासाठी आपण जात आहोत. ७ एप्रिलला तिने कलकत्ता सोडले. ४ जूनला ती न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. समुद्रोल्लंघनाचे पातक पुरुषांनाही भोवत होते अशा काळात, अठरा वर्षांची ब्राह्मण स्त्री, पती सोबत नसताना गेली, यावरून तिच्यावर किती शिंतोडे उडाले असतील याची कल्पना करता येते.

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात तिच्या आगेमागे जपानहून आलेल्या केई ओकामी आणि सीरियातून आलेल्या साबात इस्लांबूली शिकत होत्या. तिघींचे आपापल्या देशी वेशातले छायाचित्र प्रसिद्ध आहे. पदवीसाठी आनंदीबाईंनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. मला ही निवड अत्यंत बोलकी वाटते. जिने स्वतःचे मूल दहा दिवसांत गमावले, तिने सातासमुद्रापलीकडे, बर्फाळ हवेत बसून, सुईण, सूतिका आणि सूतिकागार यांविषयी प्राचीन ग्रंथ काय सांगतात ते इंग्रजीत लिहून काढावे, आणि शेजारी आधुनिक अमेरिकी ग्रंथांचा आधार ठेवावा! ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. रमाबाईंचीही कथा या विषयाला सोडून नाही: आईबाप दुष्काळात दगावल्यामुळे त्यांना माहेरच उरले नव्हते, आणि १८८१ साली त्यांची कन्या मनोरमा जन्मली ती बंगाल-आसामच्या बाजूला, मराठी मुलखापासून कोसो दूर. आनंदीबाईंना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची नेमणूक मिळाली होती. ती त्यांना करता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याच्या आत, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. एकाही कल्याणकर पहिलटकरणीला त्यांचा हात लागला नाही.

यानंतरच्या काळात ठाण्याहून परदेशी बाळंतपणाला गेली ती एकटीदुकटी स्त्री नव्हे. एक अख्खी जमातच गेली. टेंभी नाक्याच्या परिसरातील बेने इस्रायलांचे सिनेगॉग १८७९ चे आहे. कोकणात तेलघाणे चालवणारे आणि शनिवार पाळणारे, म्हणून शनवार तेली म्हणवले जाणारे हे मराठी यहुदी १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. लोद, दिमोना, अश्दोद अशा गावांतील त्यांच्या तरुण सुनांची पहिली बाळंतपणे माहेरच्या बाजेवर नव्हे, तर सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर झाली. आणि त्यामागे सरकारची एक हिकमत होती. १९५४ पासून त्या देशाच्या राष्ट्रीय विम्याने प्रसूती-अनुदान सुरू केले, ते रुग्णालयात बाळंत होणाऱ्या आईलाच मिळे. आमच्याकडील सुधारकांनी पन्नास वर्षे व्याख्याने देऊन जे साधले नाही, ते तेथे एका फर्मानाने आणि थोड्या रोकडीने साधले. प्रश्न हिब्रूत आणि कण्हणे मराठीत, असा त्या खोल्यांतला संवाद असेल. तरीही नवसाचा आणि शुभकार्याचा मलिदा सुटला नाही: गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू पैगंबराचे स्मरण करण्याची कोकणातली रीत त्यांनी तेथेही चालू ठेवली.

आता कोपरी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणच्या लष्करी छावणीत सोय झाली, आणि त्या छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. ठाण्यात ही वस्ती कोपरीत उभी राहिली. बराकीत पडदे लावून संसार मांडलेल्या तरुण सिंधी स्त्रीची अवस्था आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उलटी होती. ती परदेशी गेली नव्हती. तिचे माहेरच एका रात्रीत परराष्ट्र झाले होते. सातव्या महिन्यात कोणी न्यावयास येईल असे घर नाही, आणि आई असलीच तर ती त्याच बराकीत, दोन पडद्यांपलीकडे. जुना संकेत अशा वेळी मोडून पडावा. पण तो नुसता जागा बदलतो. शेजारीण आई होते, आणि मग सार्वजनिक प्रसूतिगृह माहेराची जागा घेते. ठाणे महापालिकेचे कोपरीतील प्रसूतिगृह लखीचंद फतीचंद या नावाने आजही चालू आहे, आणि त्याच्या ओट्यावर आगरी, कोळी, सिंधी, घाटावरच्या आणि उत्तरेकडच्या आया-सासवा डबे घेऊन एका रांगेत बसलेल्या दिसतात.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकाच्या धंद्याने डोंबिवली-ठाण्याच्या मुलींना अमेरिकेत नेले, आणि प्रवासाची दिशा फिरली. आता मुलगी माहेरी येत नाही. छत्तिसाव्या आठवड्यानंतर बहुतेक विमानकंपन्या तिला घेत नाहीत, तिचा विमा तिकडचा, डॉक्टर तिकडचा. म्हणून माहेरच मुलीकडे जाते. साठीच्या आसपासची आई प्रथम पारपत्र काढते, मग वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत कागदपत्रांची फाइल छातीशी धरून उभी राहते, आणि मुलाखतीत ‘कशाला जाता?’ या प्रश्नाला ‘बाळंतपणाला’ असे खरे उत्तर द्यावे की ‘मुलीला भेटायला’ असे मोघम, याबद्दल शेजारणींचा सल्ला घेते. परवाना मिळाला तरी मुक्काम बहुधा सहा महिन्यांचा. त्यात डोहाळजेवण, प्रसूती आणि बाळाची मान धरेपर्यंतचे दिवस बसवावयाचे असतात.

आमच्या आळीतील एक काकू निघाल्या तेव्हाची बांधाबांध मी पाहिली. डिंक तुपात फुलवून, खारीक कुटून, खोबरे भाजून वळलेले लाडू पत्र्याच्या डब्यात बसले. आळीव, बाळंतशोपा, ओवा आणि वावडिंग यांच्या पुड्या जांभळी नाक्यावरून आल्या होत्या, आणि प्रत्येकीवर तिचे नाव इंग्रजीत लिहिले होते, कारण तेथील जकातीचा अंमलदार उघडून विचारील. जुन्या लुगड्यांची दुपटी मऊ म्हणून निवडलेली. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. शेवटी अडले ते सहाणेवर. हळकुंड, मायफळ, मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा यांची गुटी वेढे मोजून उगाळावयाची, तर दगड हवाच; पण तो बॅगेत ठेवला की काटा पुढे जाई. सहाण तीनदा आत गेली आणि तीनदा बाहेर आली, अखेर तिच्या जागी लाडवांचा दुसरा डबा बाहेर राहिला. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये असे आजचे वैद्यक सांगते, आणि तिकडच्या बालवैद्याने तेच सांगितल्यामुळे ती सहाण तशीच परत आली. ओव्याच्या धुरीची गत त्याहून वाईट: लाकडी घराच्या छताला लावलेला धुराचा गजर पहिल्याच दिवशी वाजला आणि बंबवाल्यांना फोनवरून खुलासा करावा लागला. मालीश, शेक आणि मेथीची भाजी मात्र निर्वेध चालली. जे गेले ते बहुतांशी जावयास हवेच होते, असे माझे मत आहे, काकूंचे नाही.

नावाचा प्रश्न शेवटी येतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार ठाण्याच्या महापालिकेच्या दप्तरी बाळाचा जन्म नावावाचून नोंदवता येतो, आणि नाव वर्षभरात विनाशुल्क, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. बाराव्या दिवशीच्या बारशाला त्यामुळे अडचण येत नाही. अमेरिकेत रुग्णालय घरी सोडण्यापूर्वीच दाखल्यासाठी नाव विचारते, आणि तेथे जन्मलेले मूल १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तेथील नागरिक ठरत आल्यामुळे पुढचे सारे कागद त्याच नावाने निघतात. भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर १९५५ च्या कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंद करावी लागते. बहुतेक जण ते न करता ओसीआय कार्ड काढतात. कानात ‘कुर्र’ करण्याचा मान आत्याचा, आणि आत्या डोंबिवलीत असली तर ती तो पडद्यावरून, आपल्याकडच्या रात्री नऊ वाजता, म्हणजे तिकडे सकाळी, बजावते. पत्रिकेतील आद्याक्षर तोवर हाती आलेले असते आणि दाखल्यावरच्या नावाशी ते सहसा जुळत नाही. दाखला बदलावयाचा तर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि शुल्क असा व्याप. म्हणून पाळण्यातले नाव घरापुरते राहते, आणि घुगऱ्या त्या नावाने वाटल्या जातात.